ड्वॉर्फ सिक्लिड : जात कोणती, नर कोणता, मादी कोणती?

काचपेटी

टाकी ८० × ३५ × ४० सेंमी, तापमान २६, पीएच ६.८, तळाला बारीक वाळू. त्यात सहा ड्वॉर्फ सिक्लिड, म्हणजे सिक्लिड कुळातले छोटे मासे, आहेत. चार 'अ‍ॅपिस्टोग्रामा विएहिता' या नावाने आलेले आणि दोन 'जर्मन ब्लू रॅम, जोडी' म्हणून. नावांवर आणि जोडीवर, दोन्हींवर शंका आहे.

अ‍ॅपिस्टोंची माहिती अशी :

क – ६ सेंमी. शेपटी गोलसर, तिच्या वरच्या आणि खालच्या कडेला लाल किनार. गालावर निळी झाक.
ख – ४.५ सेंमी. फिकट करडा, सतत कोपऱ्यात. पोटाखालचे पर थोडे काळपट.
ग – ३.५ सेंमी. पिवळसर, पोटाखालच्या परांची पुढची कड काळी कुळकुळीत.
घ – ३.५ सेंमी. हीही पिवळसर, पण तोंड जरा मोठं वाटतं.

रॅम दोन्ही सारख्याच मापाचे, दोघांचं पोट गुलाबी. महिनाभरात दोनदा अंडी झाली, दोन्ही वेळा पांढरी पडली.

जात कशी पक्की करायची आणि नर-मादी कशावरून ठरवायचं?

रेतीतळ

आधी फोटो नीट काढा. ओळख चुकते ती बहुतेक वेळा फोटोमुळेच.

खोलीतले दिवे बंद, टाकीचा चालू. काच आतून-बाहेरून पुसलेली. फोन काचेला समांतर, मासा पूर्ण आडवा. तिरका फोटो ओळखीला निरुपयोगी, कारण त्यात पट्टा कुठे संपतो ते कळत नाही. वनस्पतींसाठी लाल-जांभळा प्रकाश जास्त असलेला एलईडी असेल तर तेवढ्यापुरता साधा पांढरा दिवा लावा. त्या प्रकाशात कुठलाही करडा अ‍ॅपिस्टो लालसर दिसतो. दिवा लागल्यावर अर्धा तास थांबा. रात्रीचा फिका नमुना तोवर अंगावर असतो.

पर फुलवायचे असतील तर काचेला बाहेरून छोटा आरसा टेकवा. दोन-तीन मिनिटं पुरे, मग काढून घ्या. आरसा तसाच राहिला तर मासा थकतो आणि खाणंही सोडतो.

प्रत्येक माशाचे किमान तीन फोटो हवेत : शांत असताना, पर फुलवलेला असताना, आणि घाबरलेला किंवा नुकताच जाळीतून सोडलेला असताना. तिसरा मुद्दाम सांगतोय. घाबरल्यावर अंगावरचे उभे पट्टे उठून येतात, आणि काही खुणा फक्त तेव्हाच मोजता येतात.

खवले

रेतीतळ यांना +१. आता त्या फोटोत काय बघायचं ते लिहितो.

अ‍ॅपिस्टोमध्ये लाल, पिवळा, निळा हे रंग सगळ्यात शेवटी बघा. ते मूडवर, खाण्यावर, प्रकाशावर आणि पैदास करणाऱ्यांनी काय निवडलं त्यावर बदलतात. जातीची ओळख काळ्या खुणांत असते. डबल रेड, ट्रिपल रेड, सुपर रेड ही सगळी निवडून वाढवलेल्या रंगांची नावं. त्यांच्याखालचा काळा आराखडा बहुधा तसाच राहतो.

मी या क्रमाने बघतो. पहिली डोळ्याखालची तिरकी रेघ, कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्याकडे जाणारी. ती किती रुंद आहे? मग अंगावरचा आडवा पट्टा. तो कुठे संपतो हा सगळ्यात मोलाचा प्रश्न : शेपटीच्या आधीच तुटतो, शेपटीच्या बुडाशी असलेल्या डागाला मिळतो, की थेट शेपटीत शिरतो? त्यानंतर तो बुडाचा डाग, गोल आहे की उभा. मग मुख्य पट्ट्याखाली पोटावर बारीक रेघा आहेत का. शेवटी पाठीच्या पराचे पुढचे काटे : लांब आहेत की नाहीत, आणि त्यांच्यामधली त्वचा काळी आहे का.

नेहमी भेटणाऱ्या जाती यात अशा बसतात :

कॅकॅट्युऑइडीस (कॉकाटू) : पाठीच्या पराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे लांब, शेपटीला वर-खाली दोन टोकं. तोंड मोठं, ओठ जाड. मुख्य पट्ट्याखाली पोटावर बारीक आडव्या रेघा. तुरा फक्त मोठ्या नरांत असतो, पण रेघा आणि जाड ओठ मादीतही दिसतात. म्हणून मादीची जात ठरवायला हीच खूण कामाची.

अगासिझी : आडवा पट्टा न तुटता शेपटीत शिरतो. नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी मधोमध टोकदार, कडेला आतून फिकी पट्टी. मादीची शेपटी गोल, पण पट्टा तिच्याही शेपटीत जातो. पाठीचा पर सलग उंचीचा, तुरा नाही.

बोरेली : शेपटी दोघांची गोल. नराचा पाठीचा पर शिडासारखा उंच, डोकं पिवळं, अंग निळसर. या जातीला गारवा मानवतो. २८-२९ अंशांत कायम ठेवलेला बोरेली रंगही धरत नाही आणि लवकर संपतो.

ट्रायफॅसिआटा : तिसरा पट्टा छातीच्या पराच्या मुळापासून तिरका गुदपराकडे उतरतो. तो दिसला की विषय संपला. नराच्या पाठीचे पुढचे काही काटे खूप लांब.

निसेनी : इथे मादी जास्त ओळखू येते. पिवळ्या अंगावर मोठे, सुटे काळे डाग : गालावर, कुशीवर, शेपटीच्या बुडाशी. नर निळसर करडा, गोल शेपटीला लाल कड. पांडुरो याच गटातला, पण त्याच्या शेपटीच्या बुडाचा काळा डाग मोठा, साधारण त्रिकोणी, शेपटीच्या दांड्याच्या जवळजवळ पूर्ण उंचीचा. दोघांच्या माद्या एका टाकीत ठेवू नका. पुढे पिल्लं कोणाची हा घोळ होतो.

मॅकमास्टरी गट : मॅकमास्टरी, विएहिता, होंग्सलोई आणि त्यांचे भाऊबंद. नराची शेपटी गोलसर, पट्टा शेपटीच्या आधी थांबतो, पाठीला तुरा नाही. मॅकमास्टरीच्या शेपटीला वर-खाली लाल कडा. होंग्सलोईच्या नरात गुदपराच्या मुळाशी, अंगाच्या खालच्या कडेने लाल ओघळ दिसतो.

काचपेटी, तुमचा 'क' वर्णनावरून मॅकमास्टरी. विएहिता नावाने विकले जाणारे बहुतेक मासे मॅकमास्टरी किंवा त्याचे निवडलेले लाल प्रकार असतात. या दोन्ही जातींचं आणि होंग्सलोईचं वर्णन मत्स्यशास्त्रज्ञ स्वेन कुलँडर यांनी १९७९ साली केलं, तिन्ही ओरिनोकोच्या खोऱ्यातल्या. नावांची सरमिसळ पुढे व्यापारात झाली.

'घ'चा फोटो आवर्जून टाका. मोठं तोंड मॅकमास्टरी मादीला शोभत नाही.

निळा_पर

रॅमबद्दल : मादीचं पोट गुलाबी, आणि कुशीवरच्या काळ्या डागात निळे ठिपके. नराचा डाग स्वच्छ काळा, आणि पाठीचे पुढचे काटे, विशेषतः दुसरा-तिसरा, लांब. एवढ्या तीन खुणांत काम होतं.

शिंपला

रानातल्या किंवा त्यांच्या जवळच्या पिढीतल्या रॅमला हे लागू पडतं. पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर वाढलेल्या रॅममध्ये तिन्ही खुणा एकमेकांत मिसळल्या आहेत. काळ्या डागात दोन-चार निळे ठिपके असलेले नर असतात, आणि लांब काट्यांच्या माद्याही. विकण्याआधी हार्मोन देऊन रंग आणलेल्या माशांत तर महिना-दीड महिना काहीच खरं नसतं. इलेक्ट्रिक ब्लू या रंगप्रकारात काळा डागच नसतो, गोल्डमध्ये तो नसतो किंवा पुसट असतो. मग ठिपके मोजायचे कुठे?

खुणांना मान द्यायचाच तर गुलाबी पोटाला द्या. तेही नीट बघा : मादीत तो रंग कुशीच्या खालच्या बाजूला थाप मारल्यासारखा भरीव असतो, नराच्या पोटावरची लालसर झाक पसरट आणि पातळ असते.

खात्रीची खूण एकच, जननछिद्राची नळी. अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी ती बाहेर दिसते. मादीची जाड, बोथट, खाली झुकलेली. नराची बारीक, टोकदार. मासा काचेजवळ आला की खालून, किंचित मागून बघा.

काचपेटी, तुमच्या दोन्ही रॅम माद्या असण्याची शक्यता मोठी. दोन माद्या व्यवस्थित जोडी जमवतात, दगड साफ करतात, दोघी अंडी घालतात आणि राखतातही. पण अंडी पांढरी पडली एवढ्यावरून निकाल देऊ नका. पाणी जड असेल तर फळलेली अंडीही मरतात, आणि नर कोवळा असेल तरी हेच होतं. पुढच्या वेळी अंडी घालताना समोर बसा. नर असेल तर तो मादीच्या फेरीनंतर अंड्यांवरून पोट घासत जाईल आणि अंडं चिकटवणार नाही. दोघींच्याही फेरीनंतर नवी अंडी दिसली, तर दोन माद्या.

निळा_पर

मान्य, माझा प्रतिसाद रानातल्या रूपापुरता धरा. बोलिव्हियन रॅमला तर तो अजिबातच लागू नाही. त्यात मादीचं पोट गुलाबी होत नाही, दोघांचा रंग एकच. मोठ्या नराच्या शेपटीची दोन्ही टोकं लांब होतात, पण ती वाढेपर्यंत नळी बघण्याशिवाय इलाज नाही. लहान बोलिव्हियन रॅममधून 'जोडी' निवडून देणारा अंदाजच सांगत असतो. सहा घ्यावेत आणि त्यांना आपसांत जुळू द्यावं.

तळ्याकाठी

क्रिबबद्दलही इथेच लिहून ठेवतो, कारण पोटाचा रंग तिथेही फसवतो. पेल्विकाक्रोमिस पुल्करमध्ये पोट लाल असणं ही मादीची खूण नव्हे, लाल पोट नराचंही असतं. मादीचं पोट गोल, गडद आणि मोठं दिसतं, इतकंच. पोटाखालचे पर बघा : मादीचे आखूड आणि टोकाला गोल, हातपंख्यासारखे. नराचे लांब आणि टोकदार. ३-४ सेंमीच्या पिल्लातही हा फरक दिसू लागतो. नराच्या पाठीचा आणि गुदाचा पर मागे टोकाशी निमुळता होतो, शेपटीच्या मधल्या शिरा थोड्या पुढे येतात. शेपटीवरचे डोळ्यांसारखे काळे ठिपके किती ते मोजत बसू नका, त्यांची संख्या माशागणिक वेगळी.

नावाचीही एक गोष्ट. ज्याला सगळे क्रिबेन्सिस म्हणतात तो पुल्कर आहे. पेल्विकाक्रोमिस क्रिबेन्सिस ही कॅमेरूनमधली वेगळी जात, पूर्वी टेनिआटस या जातीत मोडली जायची, २०१४ मध्ये पुन्हा स्वतंत्र धरली गेली. त्यामुळे जुन्या माहितीत 'टेनिआटस' आणि कॅमेरूनमधल्या एखाद्या गावाचं नाव दिसलं, तर तो आजचा क्रिबेन्सिस असू शकतो. गावाचं नाव लेबलवरून पुसू नका.

काचपेटी

सगळ्यांचे आभार. फोटो चढवले आहेत. बघताना जे दिसलं ते :

'घ'च्या मुख्य पट्ट्याखाली पोटावर तीन बारीक रेघा आहेत, घाबरल्यावर जास्त स्पष्ट. ओठ जाड. पाठीच्या पराचे पुढचे दोन काटे काळे.
'ग'ला रेघा नाहीत, पट्टा शेपटीच्या आधी थांबतो, शेपटीच्या बुडाशी उभा डाग.
'ख'चा पट्टा 'ग'सारखाच. पोटाखालचे पर काळपट आहेत, पण काळे नाहीत. 'क' जवळ आला की अंग चोरून बाजूला होतो.

ख आणि ग दोन्ही माद्या धरू का?

खवले

'घ' कॅकॅट्युऑइडीस गटातली मादी आहे. तीन रेघा आणि जाड ओठ एकत्र आले की मॅकमास्टरी गट बाद. त्याच गटात दिसायला जवळच्या आणखी जाती आहेत, म्हणून नर दिसेपर्यंत लेबलवर 'अ‍ॅ. सीएफ. कॅकॅट्युऑइडीस' लिहा. सीएफ. म्हणजे 'या जातीशी ताडून बघा'. एसपी. म्हणजे वंश नक्की, पण जातीला शास्त्रीय नाव मिळालेलं नाही किंवा जात ठरलेली नाही. ही दोन अक्षरं लेबलवरून गाळली की अंदाजाचं रूपांतर ठाम नावात होतं, आणि पुढच्या माणसाकडे चुकीचं नाव जातं.

'ग' मॅकमास्टरी गटातली मादी, यात शंका नाही.

रेतीतळ

'ख'वर मात्र मादीचा शिक्का मारू नका. वर्णन दबलेल्या नराचं वाटतंय.

अ‍ॅपिस्टोत एका टाकीत दांडगा नर असेल तर दुसरा नर वाढ आणि रंग दोन्ही आवरून धरतो. काही तर मादीसारखा पिवळा रंगही घेतात, म्हणजे दांडगा नर त्यांना हाकलत नाही, आणि अंडी घालताना ते हळूच आत शिरून आपला कार्यभाग साधतात. जोडी म्हणून घेतलेल्या माशांत हा प्रकार वारंवार सापडतो : मोठा तो नर, लहान ती मादी, आणि चार महिन्यांनी दोघांचेही पर नरासारखे लांबतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. 'ख'ला एकट्याला वेगळ्या टाकीत ठेवा. ४० × २५ × २५ पुरे, म्हणजे साधारण २५ लिटर. पाणी मोठ्या टाकीतलंच, मुरलेला स्पंज फिल्टर, लपायला नारळाची करवंटी आणि थोडी सुकी पानं. तापमान २६. दिवसातून दोनदा थोडं थोडं जिवंत किंवा गोठवलेलं खाणं, आर्टेमिया किंवा डॅफ्निया. दोन टाक्या शेजारी असतील तर मध्ये पुठ्ठा लावा. 'क' नुसता दिसला तरी 'ख' दबूनच राहील आणि तपासणी वाया जाईल.

तीन आठवडे द्या. नर असेल तर पाठीच्या आणि गुदाच्या पराची मागची टोकं लांबतील, गालावर निळी झाक येईल, पोटाखालच्या परांचा काळपटपणा विरेल. मादी असेल तर उलट : त्या परांची पुढची कड आणखी काळी होईल, पोट भरेल, आणि अंड्यांवर आली की अंग लिंबासारखं पिवळं, गालावरची रेघ गडद, आडव्या पट्ट्याच्या जागी कुशीवर एक सुटा काळा डाग.

चूक होते ती आठव्या-दहाव्या दिवशी निकाल देण्यात. त्या वेळी मासा नुसता ताणातून सावरत असतो, दोन्ही बाजूंच्या खुणा अर्धवट दिसतात.

शिंपला

एक भर. पिवळी झाली म्हणजे अंडी आहेतच असं नाही. अ‍ॅपिस्टो मादी नुसता कोपरा राखतानाही पिवळी होते. आणि टाकी लहान असेल तर अशी मादी नरालाच फाडते. ननाकारा अनोमाला या दुसऱ्या ड्वॉर्फ सिक्लिडची पिल्लंवाली मादी तर ८ सेंमीच्या नराला जागेवरून हलू देत नाही, स्वतः ५ सेंमीची असून. तेव्हा तिच्या अंगावर गडद चौकटींची जाळी उमटते, नर साधा हिरवट सोनेरी. त्या जातीत नर-मादी ओळखणं सोपं, नर वाचवणं अवघड.

गप्पी_ते_सिक्लिड

एक प्रश्न. एकाच वेळच्या पिल्लांत सगळे नरच निघतात असं बऱ्याचदा वाचलं. ही ओळखण्यातली चूक, की खरंच असं होतं?

खवले

खरंच होतं. १९९६ साली ऊवे रोमर आणि वोल्फगांग बाइझेनहर्ट्झ या संशोधकांनी अ‍ॅपिस्टोच्या बऱ्याच जातींची पिल्लं २३, २६ आणि २९ अंशांत वाढवून बघितली. बहुतेक जातींत उष्ण पाण्यात नर जास्त, गार पाण्यात माद्या जास्त निघाल्या. काही जातींत पीएचचाही परिणाम दिसला. क्रिबमध्ये पीएचचं वजन मोठं : आम्ल पाण्यात नरांचं प्रमाण वाढतं. लिंग ठरतं ते पहिल्या काही आठवड्यांत. मोठ्या माशाचं पाणी गार करून तो मादी होत नाही.

म्हणून २९-३० अंशांत वाढलेल्या खेपेतली सगळ्यात लहान, फिकी चार पिल्लं 'माद्या' म्हणून निवडली, तर ती चारही दबलेले नर असू शकतात. पैदास करताना २५-२६ ठेवावं, आणि पिल्लं देताना कुठल्या तापमानात वाढली ते सांगावं.

अपवाद म्हणून क्रेनिकारा पंक्टुलाटा ही सिक्लिडची जात लक्षात ठेवा. त्यात मादीचा नर होतो. माद्यांच्या घोळक्यातला नर काढला की त्यातलीच एक बदलते. अ‍ॅपिस्टोत असं घडत नाही. 'माझी मादी नर झाली' असं दिसलं, तर ती पहिल्यापासून नरच होती.

काचपेटी

तीन आठवडे झाले. 'ख' आता ५ सेंमी, पाठीच्या पराचं टोक शेपटीच्या मध्यापर्यंत आलंय, शेपटीच्या वरच्या कडेला पुसट लाल रेघ. पोटाखालचे पर पिवळट. म्हणजे नर.

रॅम परवा अंडी घालताना बघितले. दोघांच्या नळ्या जाड, दोघांच्या फेरीनंतर नवी अंडी. दोन माद्या.

आता 'घ'चं काय करू? तिला 'ग'सोबत ठेवलं तर चालेल का?

रेतीतळ

'ख' परत त्याच टाकीत नको. ८० सेंमीत दोन मॅकमास्टरी नर टिकणार नाहीत, आता तर तो लपणारही नाही.

'घ' आणि 'ग' एकत्र राहू शकतात, पण दोघींना टाकीच्या दोन टोकांना वेगळ्या गुहा द्या, आणि मध्ये नजर अडेल असं लाकूड किंवा दाट झाडी. गुहेचं तोंड मादी शिरेल आणि 'क' शिरणार नाही इतकंच ठेवा. 'घ' 'क'सोबत अंड्यांवर आली तर ती अंडी काढून टाका. मिश्र पिल्लं झाली तर ती दिसायला मॅकमास्टरीच्या वाईट प्रतीसारखी दिसतील, आणि कोणीतरी ती त्याच नावाने पुढे देईल.

खवले

आणि 'घ'साठी नर आणाल तेव्हा तुऱ्यावर भुलू नका. आधी पोटावरच्या रेघा तिच्या फोटोशी ताडून बघा : किती आहेत, कुठून सुरू होतात, किती मागे जातात. दोघांचे घाबरलेल्या अवस्थेतले फोटो शेजारी ठेवले की काम सोपं होतं. फोटो इथेच टाका, लेबलवरचं सीएफ. काढायचं का ते तेव्हा ठरवू.